मदत हवी आहे: गंजावर कोणतं औषध आणि कोणता प्रायमर? रविवारच्या आत उत्तर हवंय

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. घरच्या गाडीला गंज चढलाय, भरपूर. अंगणात शेड टाकून मी स्वतःच काम काढलंय. सीटा, खालचं मॅटिंग, दारांचे पॅड सगळं काढून झालं. ग्राइंडरला वायरचा ब्रश लावून जमेल तेवढं घासलं. आता एवढंच सांगा: लावलं की गंज काळा पडतो ती जी औषधं मिळतात, त्यातलं कोणतं घ्यावं, साधारण किती लागेल, आणि त्यावर रेड ऑक्साइडचा प्रायमर चालेल का? रविवारी वेल्डर घरी येतोय, दोन-चार ठिकाणी पत्रा लावायचाय. औषध त्याच्या आधी मारायचं की नंतर? गॅरेजवाल्यांनी भंगारात घाला म्हणून सांगून झालंय, तो सल्ला कृपया नको. गाडी विकायची नाही.

पत्रेकाम_नाना
गाडी कोणती? साल कोणतं? गंज नेमका कुठे? बॉनेटवर आहे की फ्लोअरला? औषधाचं नाव त्यानंतर.

सोडा_आणि_चार्जर
औषधावर पैसे घालवू नका. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर गंजलेल्या भागाला लावा, पॉझिटिव्ह भंगारातल्या साध्या लोखंडाला. रात्रभर ठेवलं की गंज हाताने निघतो. स्टेनलेस स्टील मात्र वापरू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि हे उघड्यावर करा, हायड्रोजन सुटतो, जवळ विडीकाडी नको. मी अख्खी मोटरसायकल अशी साफ केली आहे.

पत्रेकाम_नाना
सोडा साहेब, मोटरसायकलची टाकी पिंपात मावते. मोटारीचं फ्लोअर कोणत्या पिंपात बुडवायचं?

सोडा_आणि_चार्जर
बिजागऱ्या, ब्रॅकेट, बंपरचे क्लँप, चाकं यांसाठी म्हणतोय. सुट्या भागांना याच्याइतकं स्वस्त आणि पत्रा न खाणारं दुसरं काही नाही. आजमावल्याशिवाय नावं ठेवू नका.

पंचगंगा
सुट्या भागांना मळी (मोलॅसिस)! आमच्याकडे साखर कारखान्यामुळे सहज मिळते. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचं. वीज नको, चार्जर नको. वास येतो, पण गंज निघतो आणि चांगलं लोखंड तसंच राहतं. कार्बोरेटर किंवा ॲल्युमिनियमचं काही त्यात घालू नका, खराब होईल.

वाशिष्ठीकाठ
मंडळी, रविवार जवळ आलाय. मळी, सोडा नंतर बघतो. नाना, गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७८. गंज खाली जास्त आहे. फ्लोअरला पायापाशी भोकं आहेत, दारांच्या खालचा लांब पट्टा आहे त्याला डाव्या बाजूला स्क्रू ड्रायव्हर आरपार जातो. डिकीतही आहे. औषधाचं सांगा.

कुर्ला_बॉडीशॉप
पद्मिनी म्हटल्यावर राहवलं नाही. मी कुर्ल्याच्या कारखान्यात नोकरी केली. १९६४ पासून हीच गाडी फियाट ११०० डिलाइट म्हणून निघत होती, १९७४ पासून पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढे सलग सीट. त्या सीटवर आमच्या घरची तीन माणसं आरामात बसायची. मुंबईत या गाडीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. जपा ही गाडी. पार्टची चिंता करू नका, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फिरा, पुण्यात नाना पेठेत विचारा.

परवाना_आणि_पासिंग
आरसी चालू आहे का? हे आधी बघा, नाहीतर सगळी मेहनत अंगणात उभी राहील. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि गाडी दाखवावी लागते. पर्यावरण कर वेगळा. चेसिस नंबर ज्या पत्र्यावर ठोकलाय त्याला ग्राइंडर लावू देऊ नका. तो नंबर पुसला तर आरटीओत सिद्ध करता करता नाकी नऊ येतील. आजच पेन्सिलने कागदावर छाप घ्या, फोटो काढा.

रविवारची_रपेट
विंटेजमध्ये नोंदवून टाका की. कटकट संपली.

परवाना_आणि_पासिंग
होणार नाही. केंद्राचा २०२१ चा नियम ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना आहे. १९७८ ची गाडी त्यात २०२८ च्या आधी बसत नाही. बसली तरी २०,००० रुपये शुल्क, १० वर्षांची नोंदणी, आणि रोजच्या वापराला ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. यांना गाडी चालवायची आहे असं मी धरतो.

वाशिष्ठीकाठ
हो, चालवायचीच आहे. आरसी वडिलांच्या नावावर आहे, मुदत संपली आहे, ते मी बघेन. पण माझा प्रश्न औषधाचा होता! त्यात आणखी एक त्रास झालाय: गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवल्यापासून डावीकडचं पुढचं दार लागत नाही, कुलूप जुळत नाही. बिजागरी झिजली असणार. ती कुठे मिळेल?

पत्रेकाम_नाना
थांबा. घोड्या कुठे लावल्यात?

वाशिष्ठीकाठ
पुढच्या दारांच्या खाली, दोन्हीकडे. मागची चाकं जमिनीवर आहेत.

पत्रेकाम_नाना
बिजागरी शोधू नका. गाडी वाकते आहे.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच चेसिस. दारांच्या खालचा तो लांब पट्टा, ज्याला आपल्याकडे रनिंग बोर्ड म्हणतात, तो आतून पोकळ पेटीसारखा आहे आणि गाडीचा कणा तोच. तो डावीकडे कुजलाय. तुम्ही मधे आधार दिलात, पुढे इंजिनचं सगळं वजन लोंबकळतंय, म्हणून दाराची चौकट वरून उघडली आणि कुलूप सुटलं. या अवस्थेत वेल्डरने पट्टा कापून नवा लावला तर गाडी वाकडी असतानाच कायमची जखडली जाईल. मग ते दार कधीच नीट लागणार नाही, काचही नाही.

रविवारी वेल्डर आला तर काही कापू देऊ नका. आधी घोड्या काढून पुढे सस्पेन्शनच्या क्रॉस मेंबरखाली (पुढच्या चाकांमधल्या आडव्या जाड भागाखाली) आणि मागे ॲक्सलखाली लावा, म्हणजे गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असल्यासारखी राहील. चारही दारं जागेवर ठेवा. प्रत्येक दाराची फट वर, मधे, खाली मोजून मास्किंग टेपवर लिहा आणि टेप तिथेच चिकटवा. फटी सारख्या आल्या की दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत आणि तिथून मागच्यापर्यंत चौकोनी पाइप वेल्डिंगच्या लहान टाक्यांनी पक्के करा. मगच कापायचं, आणि एका वेळी एकच बाजू. रनिंग बोर्ड आधी, फ्लोअर नंतर.

कुर्ला_बॉडीशॉप
नानांचं अक्षर न् अक्षर खरं. आमच्याकडे बॉडी जिगमध्ये, म्हणजे मापाच्या पक्क्या साच्यात, आवळूनच जोडली जायची. तुमच्याकडे जिग नाही, तेव्हा ते पाइप म्हणजेच तुमची जिग.

मिनेसोटाची_वहिनी
इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे आमच्याकडच्या गाड्या अशाच आतून जातात. माझ्या नवऱ्याचा छंद तोच आहे, म्हणून चार वर्षं हेच बघतेय. तुमच्या आयडीत चिपळूणची वाशिष्ठी नदी आहे, म्हणून विचारते: गाडी २०२१ च्या जुलैच्या पुरात होती का?

वाशिष्ठीकाठ
होती. पाणी स्टिअरिंगच्या वर होतं. नंतर धुतली होती पाइप लावून. त्याचा आता काय संबंध?

मिनेसोटाची_वहिनी
फार संबंध आहे. वरून धुतली असेल, पण पोकळ भागांत गाळ बसलेला असतो. दारांच्या तळाशी, रनिंग बोर्डच्या पेटीत, पुढच्या मडगार्डच्या मागच्या कप्प्यात. बारीक गाळ ओल धरून ठेवतो आणि कोकणातल्या हवेत ती सुकत नाही. बाहेरून कितीही औषध मारलंत तरी आतून पत्रा खाल्ला जाणारच. तळाची पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी करा, वरच्या छिद्रातून पाणी सोडा, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबू नका. मग ब्लोअरने सुकवा. काम झाल्यावर शेवटी आत मेण किंवा पातळ केलेलं अँटिरस्ट फवारायचं. वेल्डिंगच्या आधी नाही, पेटतं ते.

पत्रेकाम_नाना
वहिनी, हे महत्त्वाचं बोललात. मी पूर विचारायला हवा होता असं कुणी म्हणेल, पण यांनी साल सांगायलाच चार प्रतिसाद घेतले.

आता औषध. ते फक्त घट्ट बसलेल्या पातळ गंजावर चालतं. त्यात फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिड असतं, ते गंजाशी संयोग पावतं, म्हणून काळं पडतं. पापुद्रे सुटलेले असतील तर वरचा थर काळा पडतो आणि खाली गंज चालूच राहतो. भोक पडलंय तिथे तर औषध लावायला लोखंडच उरलेलं नाही. तो भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा. त्यामुळे किती लिटर हा प्रश्न कापल्यानंतरचा. वेल्डच्या कडेला औषध आधी लावूच नका, जोड खराब येतो आणि धूर वाईट.

रविवारची_रपेट
सँडब्लास्टिंग करून घ्या ना, एका दिवसात लख्ख.

पत्रेकाम_नाना
छत, बॉनेट, दाराचा बाहेरचा पत्रा यांवर जोरात वाळू मारली की तो लाटालाटांचा होतो, परत सपाट करणं अवघड. सस्पेन्शनच्या जाड भागांना चालेल. आणि घरी साधी वाळू मारणं तर नकोच, ती धूळ फुप्फुसात बसते.

वाशिष्ठीकाठ
घोड्या नानांनी सांगितल्या तशा हलवल्या. दार लागलं. वर फट अजून खालच्यापेक्षा थोडी जास्त आहे, पण लागलं. वेल्डरला पुढे ढकललंय. तो म्हणतो रॉडच्या वेल्डिंगने करून देतो, जीआय (जस्त चढवलेला) पत्रा त्याच्याकडे आहे. चालेल? आणि रेड ऑक्साइडचं कुणीच सांगितलं नाही.

कुर्ला_बॉडीशॉप
रॉडने नको. हा पत्रा मिलिमीटरच्या आसपास, रॉड लावला की भोक मोठं होत जाईल. सीओटू (मिग) वेल्डिंगवाला बघा. सलग रेघ ओढू देऊ नका, इथे एक टाका, हातभर लांब दुसरा, थंड होऊ द्यायचं, मग मधला. गॅसने करणारे जुने कारागीर छान करतात, पण उष्णता दूरवर पसरते, सपाट पत्रा वाकतो. जीआयही नको, जस्ताचा धूर डोक्यात जातो, ताप भरतो. सीआर (जस्त नसलेला साधा) पत्रा घ्या, फ्लोअरला २० गेज, रनिंग बोर्डला १८. आणि पेट्रोलची टाकी काढून अंगणाबाहेर ठेवा. रिकामी आहे म्हणून राहू देऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त धोक्याची. फ्लोअरला डांबरी शीट चिकटलेली असेल ती खरवडून काढा, पेट घेते. पाण्याची बादली आणि एक माणूस जवळ हवाच.

चेतकवाला
माझ्या चेतकच्या टाकीतही आतून गंज आहे. नट-बोल्ट आणि डिझेल घालून हलवली तर निघेल का?

पत्रेकाम_नाना
चेतकला वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

रेड ऑक्साइड: तो पाणी आत घेतो. नुसत्या रेड ऑक्साइडवर गाडी पावसाळाभर ठेवली तर खालून पुन्हा गंज येतो, चिपळूणला तर नक्की. दोन भाग मिसळायचा इपॉक्सी प्रायमर घ्या. पत्रा घासून पांढरा केला की त्याच दिवशी मारा, रात्रीच्या दवावर सोडू नका. जिथे पत्र्यावर पत्रा येणार आहे तिथे आतल्या बाजूंना जोडण्याआधी झिंकचा वेल्डिंग प्रायमर. पुट्टी इपॉक्सीच्या वर, भोक बुजवायला कधीच नाही. पत्र्याच्या सांध्यांत पाणी जाऊ नये म्हणून सीम सीलर.

वाशिष्ठीकाठ
उजव्या बाजूच्या रनिंग बोर्डमधून आत्ता पाणी सोडलं. अर्धी बादली गाळ निघाला आणि अजून गढूळच येतंय. तिथे स्क्रू ड्रायव्हर जात नव्हता म्हणून ती बाजू चांगली समजत होतो. कापावी लागेल का?

पत्रेकाम_नाना
लगेच नाही. पूर्ण सुकू द्या, मग हातोडीच्या टोकाने तळाला दर चार बोटांवर ठोका. खणखणीत आवाज आला तर पत्रा आहे, बद्द आला तर तिथे खडूने खूण करा. खुणांचा फोटो टाका, दारापासून मागच्या चाकापर्यंत सगळा पट्टा दिसेल असा. आणि पाणी जाण्याची भोकं किती सापडली तेही लिहा, नव्या पत्र्यात त्याच जागी ठेवायची आहेत.