अनुभव धागा: अमेरिकेत डॉर्मवर राहणाऱ्या मुलांसाठी कोणता मील प्लॅन घेतलात?

मेतकूट
लेकीला ऑगस्टमध्ये डॉर्मवर सोडायचं आहे. खोलीचं नक्की झालं, आता पोर्टलवर मील प्लॅन (डायनिंग हॉलमधल्या जेवणाचे आगाऊ पैसे भरायची योजना) निवडायचाय. पहिल्या वर्षाच्या मुलांना तो सक्तीचा आहे, त्यामुळे ‘नको’ म्हणायची सोय नाही. पर्याय तीन: अनलिमिटेड, आठवड्याला १४ स्वाइप (एकदा कार्ड घासलं की एक जेवण), किंवा सबंध सेमिस्टरसाठी १५० स्वाइपचा ब्लॉक. प्रत्येकाबरोबर कमीजास्त डायनिंग डॉलर्स, म्हणजे कॅम्पसवरच्या कॅफेत-दुकानात वापरायचे आगाऊ भरलेले पैसे. युनिव्हर्सिटीच्या पानावर तिन्ही प्लॅनचे फोटो तितकेच चविष्ट दिसतात, त्यावरून काही ठरत नाही. ज्यांची मुलं अशी जेवली, किंवा जे स्वतः जेवले, त्यांनी लिहा. काय घेतलंत, खरोखर किती वापरलं गेलं, शाकाहारी मुलांचं कसं निभावलं, सुट्टीत काय केलंत?

दडपेपोहे
आधी पैशाचं बोलू. समजा १४ स्वाइपवाला प्लॅन सेमिस्टरला ३,००० डॉलरचा आहे. पंधरा आठवडे धरले तर २१० जेवणं, म्हणजे एक जेवण सव्वाचौदा डॉलरच्या आसपास. आता आमच्या चिरंजीवांची दिनचर्या बघा. साडेनऊच्या क्लासला सव्वानऊला उठणार, नाश्ता बाद. शुक्रवारी रात्री मित्रांबरोबर बाहेर पिझ्झा. शनिवारी दुपारी एकला डोळे उघडणार, म्हणजे ब्रंच आणि रात्रीचं जेवण, संपला दिवस. असं करत आठवड्याला नऊच जेवणं झाली तर तेच जेवण बावीस डॉलरला पडतं. तेवढ्यात न्यू जर्सीत ओक ट्री रोडवरच्या देशी हॉटेलात निवांत बसून जेवता येतं.

आठवड्याच्या प्लॅनमध्ये उरलेले स्वाइप बहुतेक ठिकाणी पुढच्या आठवड्यात जात नाहीत, हे नीट वाचून घ्या. यूसीएलएमध्ये (लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत) प्लॅनच्या आकड्यापुढे आर किंवा पी हे अक्षर असतं. आर म्हणजे रेग्युलर, उरलेलं आठवड्याअखेर गेलं. पी म्हणजे प्रीमियर, त्यात उरलेलं पुढे सरकतं. इतकं स्पष्ट सगळीकडे लिहिलेलं नसतं. ब्लॉकमध्ये ही कटकट नाही, पण तिथे मुलं सप्टेंबर-ऑक्टोबरात मित्रांना पाहुणे म्हणून जेवायला घालतात आणि फायनल्सच्या आठवड्यात रामेनवर येतात.

माझं मत: आकड्याआधी मुलाचं वेळापत्रक मागवा आणि नकाशावर डॉर्म ते डायनिंग हॉल अंतर बघा. विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या जानेवारीत दहा मिनिटं चालून ओटमील खायला कोणी जात नाही.

गारवा
दडपेपोहे यांचा हिशोब बरोबर आहे, तरी पहिल्या सेमिस्टरला मी अनलिमिटेडच घ्या म्हणेन. माझी मुलगी बुजरी. पहिले दोन महिने रूममेटशी सूर जुळला नव्हता. ती दिवसातून चार-पाच वेळा डायनिंग हॉलमध्ये जायची, कधी नुसती चहाला, कधी दोन क्लासच्या मधला वेळ काढायला. तिथेच टेबलावर ओळखी झाल्या, अजून टिकून आहेत. स्वाइप मोजून वापरायचे असते तर ती खोलीत बसून सीरियल खात राहिली असती. जेवणाच्या भावाने पाहिलं तर महागच पडलं, पण आम्ही फक्त जेवण विकत घेत नव्हतो.

जानेवारीत प्लॅन उतरवला. एक लक्षात ठेवा: प्लॅन वाढवायला आमच्याकडे कधीही परवानगी होती, कमी करायला सेमिस्टरचे फक्त पहिले दोन आठवडे. ती तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा, आठवण करून द्यायला कोणी ईमेल करत नाही.

चिंचगुळ
शाकाहारी मुलांचं मी सविस्तर लिहिते, कारण आमच्या घरी हाच विषय वर्षभर चालला. मुलगी पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

उपाशी राहायची वेळ कुठेच येत नाही. सॅलड बार, पास्ता, पिझ्झा, भात, बीन्स, टोफू असतंच. अडचण कंटाळ्याची आणि लपलेल्या मांसाची. भाज्यांच्या सूपमध्ये चिकनचं पाणी असतं. मेक्सिकन काउंटरवरचे बीन्स कधी डुकराच्या चरबीत शिजवलेले असतात. गोड दह्यात आणि जेलोत जिलेटिन असू शकतं. पदार्थासमोरच्या पाटीवर शाकाहारी आणि व्हीगन अशा वेगळ्या खुणा असतात, त्याच बघायच्या. पदार्थाचं नाव बघून प्लेट भरायची नाही. अॅपवर आठवड्याचा मेनू आधी कळतो, त्यावरून ती कुठल्या हॉलला जायचं ते ठरवायची.

कॉलेज बघायला जाल तेव्हा टूरवरच्या मुलामुलींना वसतिगृह, लायब्ररी विचारता तसं सरळ विचारा, की मंगळवारी रात्री शाकाहारी काय असतं? आणि एकदा तिकीट काढून डायनिंग हॉलमध्ये जेवाच. फरक खूप असतो. मॅसॅच्युसेट्सचं यूमास अॅमहर्स्ट जेवणासाठी देशभर नावाजलेलं आहे. टेक्सासमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सासने तर २०११ मध्ये एक सबंध डायनिंग हॉल व्हीगन केला. कॅम्पसवर कोशर स्वयंपाकघर असेल तर तेही बघा. ज्यू धर्मनियमांप्रमाणे दूध आणि मांस वेगळं ठेवतात, त्यामुळे त्यांच्या दुधाच्या बाजूला मांस अजिबात नसतं. मासे आणि अंडी मात्र तिथे चालतात, तेवढं विचारून घ्यायचं.

अधूनमधून ‘इंडियन नाइट’ असते. छोल्यांना टोमॅटो केचपची चव आणि नान म्हणून पिटा. लेकीने त्यावर उपाय शोधला: खिशात तिखटाची छोटी डबी, वरून लिंबू. डायनिंग हॉलच्या साध्या भातावर दही आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी, हे तिचं ठरलेलं रात्रीचं जेवण. त्या चटणीला तिच्या मजल्यावर इतकी गिऱ्हाइकं झाली, की पुढच्या खेपेला मला किलोभर करून द्यावी लागली.

जुनाविद्यार्थी
मी पालक नाही, काउंटरच्या पलीकडचा माणूस. एम.एस.ला आलो तेव्हा डायनिंग हॉलमध्ये काम करायचो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला तोही त्या नोकरीमुळे. शिफ्टला एक जेवण फुकट होतं आणि घरी चौघांत स्वयंपाकाच्या पाळ्या, म्हणून प्लॅन घ्यायचा प्रश्नच आला नाही. ग्रॅडच्या मुलांना बहुतेक ठिकाणी सक्ती नसतेच.

पलीकडून जे दिसतं ते सांगतो. सकाळी सातला हॉलमध्ये पोहणारी, नाव वल्हवणारी खेळाडू मुलं सोडली तर शुकशुकाट. त्यामुळे मूल खेळाडू नसेल तर दिवसाच्या तीन जेवणांचे पैसे भरू नका. संध्याकाळी सहा ते सात सगळी एकदम येतात. बंद व्हायच्या आधीचा अर्धा तास आला की ग्रिल पुसायला घेतलेली असते, तेव्हा उरतो पिझ्झा. ज्यांची लॅब उशिरा सुटते त्यांना हेच मिळतं. अशा मुलांसाठी नेण्याच्या डब्याची सोय आहे का ते विचारा. कित्येक कॉलेजांत परत करायचा हिरवा प्लास्टिकचा डबा मिळतो, एका स्वाइपवर तो भरून नेता येतो.

आठवड्याचा शेवटचा दिवस म्हणजे गंमत. स्वाइप मरणार म्हणून मुलं कॅम्पसच्या दुकानात येऊन त्याच्या बदल्यात चिप्स आणि गेटोरेड घेऊन जायची, पिशव्या भरभरून.

आणखी एक. स्टर-फ्रायच्या काउंटरवर समोर करून देतात. ‘वेगळ्या पॅनमध्ये कराल का, अंडं नको, मिरच्या जास्त’ असं म्हटलं तर आम्ही करून द्यायचो. अमेरिकन मुलं बिनधास्त मागायची. आपली मुलं संकोचून समोर असेल ते घेऊन निघून जायची. त्यांना मागायला शिकवून पाठवा.

उंबरा
मुलाला सिलिअॅक आहे, गव्हाचा कणही चालत नाही. असं काही असेल तर प्लॅनच्या आकड्यात शिरण्याआधी जूनमध्येच डॉक्टरांचं पत्र घेऊन कॉलेजच्या डिसअॅबिलिटी ऑफिसला लिहा. डायनिंगच्या ऑफिसला नुसता फोन करून भागत नाही. यामागे कायदा आहे: २०१२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या लेस्ली युनिव्हर्सिटीशी याच विषयावर तडजोड केली होती. सक्तीचा मील प्लॅन घ्यायला लावता, तर सिलिअॅक आणि अॅलर्जी असलेल्या मुलांना खाता येईल असं अन्नही द्यायला हवं, हा त्याचा गाभा. त्यात आधी ऑर्डर देऊन जेवण मिळण्याची सोयही होती.

आम्हाला स्वतंत्र फ्रिज, वेगळा टोस्टर आणि आधी सांगून केलेलं जेवण मिळालं. तरी मुलाला फ्राइज खाता आल्या नाहीत, कारण तळणीचं तेल ब्रेडिंग केलेल्या चिकनबरोबर एकच. पाटीवर नुसतं ‘गव्हाशिवाय’ असलं तरी तेल आणि तवा विचारायचाच. तिळाची अॅलर्जी असणाऱ्यांसाठी: १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत पाकीटबंद अन्नावर तीळ हा नववा प्रमुख अॅलर्जन म्हणून लिहावा लागतो. डायनिंग हॉलच्या पाट्यांवर तो असतो का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं बघावं लागतं. सोय होतच नसेल तर प्लॅनमधून सूट मागता येते.

सदाशिवपेठी
आम्ही पुण्यात, मुलगा तिकडे. इथल्यासारखं सुट्टीत ‘ये घरी’ म्हणता येत नाही, म्हणून ज्यांचे पालक भारतात आहेत त्यांच्यासाठी लिहितो. थँक्सगिव्हिंगला, डिसेंबर-जानेवारीच्या मोठ्या सुट्टीत आणि स्प्रिंग ब्रेकला डायनिंग हॉल बंद असतात किंवा एखादाच अर्धवेळ चालू असतो. प्लॅन अनलिमिटेड असला तरी. त्या आठवड्यांचा खर्च वेगळा धरा.

डॉर्मच्या खोलीत राइस कुकर, इंडक्शन बहुतेक ठिकाणी चालत नाही, मायक्रोवेव्ह काही ठिकाणी चालतो. सामायिक स्वयंपाकघर असलं तरी फोडणी जरा जपून, स्मोक अलार्म वाजला की सबंध इमारत थंडीत बाहेर उभी राहते. आमच्या बाळ्याने थँक्सगिव्हिंग एमटीआरच्या पाकिटांवर आणि प्रोफेसरबाईंच्या घरच्या निमंत्रणावर काढला. तिथे टर्की वगळून रताळी, मका आणि तीन प्रकारचे गोड ‘पाय’ (pie) खाऊन आला. फोनवर सांगत होता, की उपासाचंच जेवण होतं.

पाटाखालची
एमआयटीला काही डॉर्म अशी आहेत की जिथे डायनिंग हॉल नाही, मुलं स्वतः रांधतात आणि तिथे प्लॅनची सक्तीही नाही. भाचीने मुद्दाम तसं डॉर्म घेतलं. तिला स्वयंपाक येत होता म्हणून जमलं. मॅगीवर थांबणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये.

दडपेपोहे
उरलेल्या स्वाइपबद्दल वर राहिलं. कॅम्पसवर स्वाइप दान करायची सोय आहे का बघा. २०१० मध्ये यूसीएलएच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ‘स्वाइप आउट हंगर’ ही चळवळ आता अनेक कॉलेजांत आहे. ज्यांना जेवण परवडत नाही अशा विद्यार्थ्यांपर्यंत ती जेवणं पोचतात. पण दानाच्या ठरावीक तारखा असतात, मे महिन्यात जागे होऊन उपयोग नाही.

गारवा
मेतकूट, तुम्ही ५२९ मध्ये, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, पैसे साठवले असतील तर मील प्लॅनचं बिल त्यातून भरता येतं, मूल किमान अर्धवेळ विद्यार्थी असलं म्हणजे झालं. पुढे मुलगी अपार्टमेंटमध्ये गेली तर किराणाही चालतो, पण कॉलेजने राहण्या-जेवणाचा जो आकडा जाहीर केला असेल तेवढ्यापर्यंतच. पावत्या मुलीकडे ठेवायला सांगू नका, फोटो काढून लगेच तुम्हाला पाठवायला सांगा.