भूताननं बीबीआयएनला नाही म्हटलं ते बरोबर की चूक?

सीताबर्डीकर: परवा वर्धा रोडवर एका ट्रान्सपोर्टवाल्या मित्राशी बोलता बोलता बीबीआयएनचा विषय निघाला. बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांनी १५ जून २०१५ ला थिंफूत करार केला की एकमेकांच्या गाड्या सीमेपार जाऊ द्यायच्या, माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरायची भानगड नको. मित्र म्हणे भूताननं उगाच खोडा घातला. मला नाही पटलं. त्यांच्या वरच्या सभागृहानं २०१६ मध्ये तो नाकारला, मग २०१७ मध्ये सरकारनं तिघांना सांगितलं तुम्ही व्हा पुढे. आठ लाखाच्या आत लोकं, घाटाचे रस्ते, ६० टक्के जमीन जंगलाखाली राहील असं राज्यघटनेतच लिहिलेलं, तिथं बाहेरचे ट्रक मोकळे सोडले तर त्यांच्या ट्रकवाल्यांनी खायचं काय? भांडले नाहीत, करार फाडला नाही, आपला वेग आपण ठरवला.

संत्रानगरी_८२: भाऊ, पण बाहेर राहून काय सुटलं सांग ना. चलन रुपयाला एकास एक बांधलेलं, वीज आपल्यालाच विकून राहिले. गटात नाही बसलं तर मोठ्या शेजाऱ्याशी एकट्यानं बोलावं लागते. लक्झेंबर्ग पाहा, नागपूरपेक्षा कितीतरी कमी लोकसंख्या, पण १९५७ च्या रोम करारापासून युरोपच्या गटात, म्हणजे आजच्या युरोपियन युनियनमध्ये आहे, त्याचा कारभार चालवणाऱ्या युरोपियन आयोगाचे तीन अध्यक्ष दिले त्यानं, आणि करासारख्या विषयात आजही त्याच्या एका नकारानं गाडी अडते. नॉर्वेनं १९७२ आणि १९९४ मध्ये जनमतात त्या गटात जायला नाही म्हटलं, तरी बाजारासाठी नियम युरोपचेच पाळते, वर पैसेही भरते, अन् मत मात्र नाही.

सीताबर्डीकर: नॉर्वेचं मान्य, पण शेती आणि मासेमारी त्यांनी स्वतःच्या हाती ठेवली हे पण सांग, त्याच्याचसाठी तर भांडले होते लोकं. आणि लक्झेंबर्गला युरोपियन युनियनचं कोर्ट आहे, मोठ्यानं नियम मोडला तर दाद मागता येते. आपल्याकडे सार्कची, म्हणजे दक्षिण आशियातल्या आठ देशांच्या गटाची, शिखर परिषद २०१४ नंतर झालीच नाही, भारत-पाकिस्तान हे दोन मोठे रुसले की सहा लहानांचं काम बंद. असल्या घरात कोण घाईनं जाईल?

महालवाला: आपण नागपूरकरांनी तरी हे समजून घ्यावं. राज्य वेगळं, देश वेगळा, माहीत आहे. पण राजधानीचं शहर होतं आपलं, २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात अटी लिहून घेऊन महाराष्ट्रात यायचं ठरलं. त्यातलं अधिवेशन दर हिवाळ्यात दिसते, निधी आणि नोकऱ्यांच्या वाट्याचं काय झालं ते अनुशेषाच्या, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या तुटीच्या, आकड्यांत वाचा. युरोपात निदान बाहेर पडायला कलम ५० आहे.

संत्रानगरी_८२: पण तो अनुशेष दांडेकर समितीनं १९८४ मध्ये मोजला तो आपण आत होतो म्हणूनच ना? बाहेर असतो तर मागितला कोणाला असता?

महालवाला: मोजला रे, भरून निघाला का ते सांग. म्हणून म्हणतो, तिघांनी आधी गाड्या चालवून दाखवाव्या, भूतानला पाहू द्या.