प्रिंटचे रंग: दोनदा होणारी दुरुस्ती

मॉनिटर कॅलिब्रेट केला, म्हणजे त्याचे रंग मोजून नीट लावले, की फोटोची प्रिंट पडद्याशी आपोआप जुळते, असं म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. कॅलिब्रेशनमुळे पडद्यावरचे रंग भरवशाचे होतात, पण कागद-शाईचं गणित त्याला ठाऊक नसतं. त्यासाठी नेमक्या त्याच कागदाचं आणि त्याच प्रिंटरचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या जोडीवर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल, लागतं. ग्लॉसीचं प्रोफाइल मॅट कागदाला चालत नाही.

माझं घोडं मात्र वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. प्रोफाइल बरोबर, मॉनिटर बरोबर, तरी सगळे चेहरे जांभळट गुलाबी. कितीतरी चांगले कागद वाया गेल्यावर कळलं की फोटोशॉपमध्ये ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ (रंग फोटोशॉप सांभाळेल) निवडलं होतं, पण प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) रंगदुरुस्तीही चालूच होती. म्हणजे एकाच चित्रावर दोनदा संस्कार! रंग एकानेच सांभाळायचे, फोटोशॉपने किंवा ड्रायव्हरने. ड्रायव्हरमधली दुरुस्ती बंद केली आणि पुढच्याच प्रिंटमध्ये त्वचेचा रंग जागेवर आला. आणि हो, ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकारही नीट निवडा, किती शाई सोडायची हे त्यावरच ठरतं. प्रिंट गडद येत असेल तर आधी मॉनिटरचा उजेड कमी करून बघा. बहुतेकांचा तो फारच जास्त असतो, म्हणून फोटो पडद्यावर आहे त्याहून उजळ दिसतो.