मंजिष्ठेचा लाल विटकरी का येतोय? (बिजार धर्तीचा हेराती गालिचा)

लडी_आणि_लोकर विचारतात:

इराणातल्या बिजारच्या जुन्या गालिच्यांच्या धर्तीवर 3 × 5 फुटांचा हेराती नक्षीचा (फुलाभोवती वाकडी पानं) गालिचा विणायला घेतोय. ताणा (उभे धागे) सुती, लव (गाठींचा वरचा थर) लोकरीची, रंग सगळे नैसर्गिक. अडचणी तीन.

1. जमिनीसाठी (नक्षीमागच्या रंगासाठी) 2 किलो लोकर रंगवली. लोकरीच्या वजनाच्या 20 टक्के तुरटी, लोकरीइतक्याच वजनाची मंजिष्ठेची पूड (आयुर्वेदिक दुकानातली), तासभर उकळी. रंग थेट विटेचा आला. जुन्या गालिच्यांतला खोल लाल कसा आणायचा?
2. हिरवा हळद आणि निळीचा केला. नमुन्याची लडी दोन आठवडे खिडकीत टांगली तर निळसर झाली.
3. नक्षीच्या रेघांना गडद तपकिरी हवा. डाळिंबाची साल आणि हिराकस (लोहाचा क्षार) चालेल का?

शिवाय जमिनीत जुन्या गालिच्यांसारखी छटांची लहर (अबराश) मुद्दाम आणावी का?

---

रुनास यांचं उत्तर:

पहिल्या प्रश्नात दोन वेगळी कारणं एकत्र झालीत.

एक म्हणजे झाड. इराणात वापरतात ती रुनास, म्हणजे रुबिया टिंक्टोरम. आपल्या आयुर्वेदिक दुकानात मिळते ती रुबिया कॉर्डिफोलिया. हिच्यात अलिझरिन (खोल लाल देणारं रंगद्रव्य) जवळजवळ नसतं. परप्युरिन आणि मुंजिस्टिन या दुसऱ्या रंगद्रव्यांवर भागतं, म्हणून रंग पोवळ्याकडे, नारिंगीकडे झुकतो. बिजारचा लाल हवा असेल तर टिंक्टोरमचीच मुळं शोधा, तीही किमान तीन वर्षं जुन्या झाडाची.

दुसरं म्हणजे उकळी. साधारण 70 अंशांच्या वर मुळातले पिवळे-तपकिरी घटक जोरात उतरतात आणि लाल मळतो. पद्धत अशी ठेवा: पूड आधी थंड पाण्यात कालवून ते पिवळं पाणी ओतून द्या. तुरटी 15 टक्के पुरते. तुरटी लावलेली ओली लोकर कोमट रंगात सोडा, तासाभरात हळूहळू 60-65 अंशांवर न्या, दीड-दोन तास तिथेच ठेवा आणि रात्रभर त्याच पाण्यात निवू द्या. थर्मामीटर लागतोच, हाताचा अंदाज इथे कामाचा नाही. पाणी मऊ असेल (पावसाचं किंवा आरओचं) तर मंजिष्ठेच्या वजनाच्या एक-दोन टक्के खडूची पूड घाला. कॅल्शियमशिवाय हा लाल खुलत नाही. क्रीम ऑफ टार्टर (आंबट क्षार) टाळा, त्याने रंग नारिंगीकडे सरकतो.

गुलाबीसर छटा हवी असेल तर इराणातल्या सुलतानाबाद-फेरहान भागात रुनासबरोबर ताकाचं पाणी वापरत. तो 'दूगी' गुलाबी वेगळाच, पण बिजारच्या जमिनीवर मला तो शोभत नाही.

विटकरी झालेली लोकर टाकू नका. निळीत एकदा बुडवलीत की वांगी-तपकिरी मिळेल.

---

निळीचं_पिंप यांचं उत्तर:

हळद विसरा. उन्हात ती टिकतच नाही. पिवळा उडाला की खालची निळी उरते, तुमच्या लडीचं तेच झालंय. इराणात पिवळ्यासाठी इस्पराक (एक रानफूल) वापरतात, तुरटीवर तो चांगला टिकतो. तो मिळाला नाही तर डाळिंबाची साल; रंग थोडा खाकी येईल, पण हेरातीच्या पानांना तो चालून जातो.

क्रम आधी निळी, मग धुणं, मग तुरटी, मग पिवळा. उलट केलंत तर निळीच्या पिंपातल्या अल्कलीने पिवळा उतरतो. लोकरीचं पिंप 50 अंशांच्या आसपास आणि पीएच 9च्या जवळ ठेवा. सुतासाठी चुन्याचं कडक पिंप लावतात, त्यात लोकर चरचरीत होते. एकदाच लांब बुडवण्यापेक्षा पाच-सात मिनिटांच्या तीन-चार बुडव्या द्या आणि दोन बुडव्यांमध्ये हवा लागू द्या. शेवटी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून खळबळा.

हिराकसाचं म्हणाल तर जुन्या गालिच्यांवर बोट फिरवून बघा. गडद तपकिरी रेघा खोलगट लागतात, कारण लोह आणि टॅनिनच्या रंगाने तिथली लोकर आधी झडते. तुमच्या गालिच्यातही कालांतराने तेच होणार. त्यापेक्षा मेंढीचीच काळसर लोकर घेऊन निळीत बुडवा. किंवा अक्रोडाच्या हिरव्या सालीत रंगवा, तिला तुरटीही लागत नाही. हिराकस घालायचंच ठरवलंत तर 2 टक्क्यांच्या पुढे जाऊ नका.

---

तुर्कीगाठ यांचं उत्तर:

अबराश मुद्दाम 'काढू' नका, लगेच कळतं. जुन्यात तो येतो कारण हाताने कातलेल्या लोकरीचा पीळ कमी-जास्त असतो आणि रंग लहान लहान घाणांत (एका वेळी थोडी लोकर) होतो. यंत्रावर कातलेली लोकर एकाच घाणात रंगवली तर जमीन ऑइलपेंट मारल्यासारखी सपाट दिसते. हातकताई शक्य नसेल तर लाल अर्ध्या-अर्ध्या किलोच्या घाणांत करा. एक घाणा संपेपर्यंत वापरा, मग पुढचा पूर्ण ओळीपासून सुरू करा. एकाच ओळीत दोन घाणे मिसळले तर लहर न दिसता डाग दिसतात.

आता वीण. बिजारला तुर्की, म्हणजे सममित गाठ. इंचाला 7 × 7 गाठींत हेरातीचं वाकडं पान पायऱ्या पायऱ्यांचं होतं. 10 × 10 धरा. 3 फूट रुंदीला 360 गाठी होतात, 361 करा म्हणजे मध्याला एक गाठ मिळेल आणि काठ दोन्हीकडे सारखा वळेल. एक गाठ दोन ताण्यांवर बसते, म्हणून किनारीचे धागे सोडून 722 ताणे. एकूण दोन लाख सोळा हजारांच्या वर गाठी, दिवसाला सात हजारांनी महिनाभराचं काम.

बिजारचा घट्टपणा बाण्यातून, म्हणजे आडव्या धाग्यातून येतो. एक बाणा जाड, ओला करून भरायचा आणि पंजाने (दातेरी हत्याराने) जोरात ठोकायचा. ताणा ढिला असेल तर ठोकताना रुंदी आत खेचली जाते. दर 10 सेंटीमीटरला टेपने मोजा. बाणा ओला असल्यामुळे कच्चा रंग तिथेच पाझरतो, म्हणून प्रत्येक लडी आधी ओल्या पांढऱ्या कापडावर घासून बघा.

रंग किती घेताय? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला 1539-40चा अर्दबील गालिचा दहा रंगांत विणलाय. तुमच्या आकाराला आठ पुरेत.

---

लडी_आणि_लोकर:

आभार. चौदा रंग धरले होते, सहा कापतो. विणून झाल्यावर धुवायला काय वापरू? बाजारात 'अँटिक वॉश' सुचवतात.

---

निळीचं_पिंप:

नको. त्यात बहुतेक वेळा क्लोरीन किंवा कॉस्टिक असतं. लोकरीचं तेल जातं, चमक काही दिवस वाढल्यासारखी वाटते आणि मग लव तुटायला लागते. थंड पाणी आणि सौम्य, अल्कली नसलेला साबण. लवेच्या दिशेने लाकडी फळीने पाणी निपटून काढा आणि आडवा पसरून सावलीत वाळवा. टांगलात तर ओल्या गालिच्याच्या वजनाने कडा वाकड्या होतील.