फॉरवर्डरला दलाल म्हणण्याआधी एकदा रिकाम्या कंटेनरच्या आत उभे राहा

तिही_गेट:
परवा इथे एका मसाला निर्यातदाराने आम्हा फॉरवर्डरांबद्दल, म्हणजे फॅक्टरीपासून जहाजापर्यंत माल पोचवायची व्यवस्था लावणाऱ्यांबद्दल, लिहिलं, "फॉरवर्डर म्हणजे दलाल. शिपिंग लाइनच्या (जहाज कंपनीच्या) साइटवर रेट दिसतो, बुकिंग होतं, बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर माल घेतल्याची पावती) मोबाइलवर येतं. इंदुरात बसून मधला मलिदा खाणाऱ्यांचे दिवस भरले." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. माझं आयुष्य या धंद्यात गेलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

साइटवर दिसतो तो बंदरापासून पुढचा रेट. तुमचा माल इंदूरजवळ पीथमपूरला पडलाय आणि न्हावा शेवा बंदर इथून जवळजवळ सहाशे किलोमीटर. रिकामा कंटेनर कुठल्या डेपोतून उचलायचा, फॅक्टरीत भरायचा की डेपोत, ई-सील (कस्टम्ससाठीचं इलेक्ट्रॉनिक सील), व्हीजीएम (भरल्या कंटेनरच्या वजनाचा दाखला), फॉर्म १३ (बंदरात शिरायचा कागद), रेक म्हणजे मालगाडी चुकली तर रस्त्याने काढायचा का, काढला तर त्या जहाजासाठी बंदराचं गेट बंद व्हायच्या आत पोचेल का? ही कामं कुठलं बटण दाबून होतात ते मला दाखवा.

मसालेवाल्यांसाठी खास सांगतो. धणे-हळदीचा कंटेनर आला की मी आत उभा राहतो आणि दोन्ही दारं बाहेरून बंद करायला लावतो. मिट्ट काळोख. मग छत, कोपरे, दाराचं रबर बघायचं. टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी तो कंटेनर परत. मग वास. आधी काय भरलं होतं ते लाकडी तळाला नाक लावल्याशिवाय कळत नाही. पावसाळ्यात हे केलं नाही, भिंतींना क्राफ्ट पेपर आणि आत ओल शोषणाऱ्या पिशव्या लावल्या नाहीत, तर छताला सुटलेला घाम वरच्या पोत्यांवर ठिबकतो आणि पलीकडे बुरशी उतरते. तेव्हा साइट तुम्हाला तक्रार क्रमांक देते.

आणि तांबडा समुद्र? १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हूथींनी 'गॅलेक्सी लीडर' जहाज पकडलं, त्यानंतर मोठ्या लाइनींनी सुएझ सोडून आफ्रिकेच्या टोकाला केपचा वळसा धरला. युरोपच्या मालाला दहा ते चौदा दिवस जास्त लागले. ज्यांनी थेट बुकिंग केलं होतं त्यांना जहाज पुढे ढकलल्याचा मेल आला, आणि एलसीवरची (लेटर ऑफ क्रेडिट, खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी) शिपमेंटची शेवटची तारीख त्याआधीच उलटून गेलेली. त्या दिवसांत लोक माझ्याकडे आले, मी बँकेत बसून एलसीच्या दुरुस्त्या करून घेतल्या, दुसऱ्या लाइनवर जागा मागितली. त्याचे पैसे घेतले आणि पुढेही घेईन.

रेट_दाखवा:
ते मीच लिहिलं होतं. एक शब्दही मागे घेणार नाही.

कंटेनरमध्ये तुम्ही उभे राहता, चांगली गोष्ट आहे. माझा फॉरवर्डर कधी राहिला नाही. कोटेशनमध्ये समुद्राचं भाडं एवढंसं, आणि बिलात त्याखाली टीएचसी (बंदरातल्या हाताळणीचा आकार), बीएल फी, सील, डॉक्युमेंटेशन, हँडलिंग, मिसलेनियस. मिसलेनियस म्हणजे काय विचारलं तर "लाइनचं आहे साहेब." लाइनकडे चौकशी केली तर असा चार्जच नाही. माल अडकला तेव्हा लाइनचा मेल जसाच्या तसा मला पुढे ढकलला, खाली स्वतःची सही. यासाठी मी कमिशन द्यायचं?

कायदाही बदललाय. १८५६ चा बिल ऑफ लेडिंगचा कायदा जाऊन २०२५ चा नवा आला. मोठ्या लाइनींनी २०३० पर्यंत सगळे बीएल डिजिटल करायचं जाहीर केलंय. कुरिअरने कागद बँकेत पोचवण्याचं जे काम होतं, ते संपत आलंय.

खरेदीविभाग_सेक्टर३:
दोघेही निर्यातीबद्दल बोलताय, म्हणून आयात करणाऱ्यांचं दुखणं मांडते. आम्ही चीनमधून सुटे भाग एलसीएलमध्ये (इतरांसोबत वाटून घेतलेल्या कंटेनरमध्ये) आणतो, सीआयएफ भावाने, म्हणजे जहाजाचं भाडं आणि विमा पुरवठादाराकडे. तिथला पुरवठादार म्हणतो भाडं जवळपास शून्य. माल इथे आला की त्याच्या एजंटचा इथला भागीदार डिलिव्हरी ऑर्डर (डीओ, माल सोडायचा कागद) अडवून बसतो, आणि घनमीटरमागे असा आकडा लावतो की मालाच्या किमतीची लाज वाटावी. पैसे भरल्याशिवाय डीओ नाही. रोजचं गोदामभाडं चालू. फॅक्टरीतलं उत्पादन बंद पडण्याच्या भीतीने आम्ही निमूट भरतो. हे लोकही स्वतःला फॉरवर्डरच म्हणवतात ना?

तिही_गेट:
ताई, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, आणि ही लूट आमच्याच धंद्यातले लोक करतात. तिथला एजंट माल मिळवण्यासाठी भाडं सोडतो, उलट वर पैसे देतो, आणि ते सगळं इथल्या आयातदाराच्या बोकांडी बसतं. पण तुम्ही सीआयएफने घेता तेव्हा एजंट निवडायचा हक्क तुम्हीच पुरवठादाराला देऊन टाकता. एफओबीने घ्या, म्हणजे जहाजाचं भाडं तुम्ही ठरवाल, आपला माणूस नेमा, इथले सगळे चार्ज आधी लेखी घ्या. हाउस बीएल (लाइनऐवजी फॉरवर्डर स्वतःच्या नावाने देतो तो) देणाऱ्याची १९९३ च्या मल्टिमोडल वाहतूक कायद्याखाली नोंदणी आहे का तेही तपासा. भाव थोडा चढा दिसेल, पण अंतिम हिशोब कमी निघेल.

मसालेवाले, तुमच्या मिसलेनियसला माझ्याकडे उत्तर नाही. ज्या खर्चाची पावती नाही तो बिलात नसावा. एवढं मान्य. पण एक फॉरवर्डर वाईट निघाला म्हणून सगळे दलाल, हे नाही चालणार. एसबी००६ ही कस्टम्सची अडचण कधी निस्तरलीय का? तिहीसारख्या आयसीडीवरून (समुद्रापासून दूरच्या कंटेनर डेपोवरून) माल गेला, बंदराच्या ईजीएममध्ये (निघालेल्या मालाच्या यादीत) नोंद जुळली नाही आणि आयजीएसटीचा, म्हणजे निर्यातीवर भरलेल्या कराचा, परतावा अडकला. तुमचं सगळं खेळतं भांडवल त्यात. ते सोडवायला लाइन येत नाही.

रेट_दाखवा:
एसबी००६ माझ्या नशिबी आलंय. फॉरवर्डर म्हणाला सीएचएला (कस्टम्सच्या एजंटला) विचारा, सीएचए म्हणाला लाइनला, लाइन म्हणाली फॉरवर्डरला. शेवटी मीच आइसगेटवर (कस्टम्सच्या पोर्टलवर) शिपिंग बिल उघडून कंटेनर नंबर एकेक अक्षर ताडून पाहिला. एक अंक चुकलेला. तो मी शोधला, त्यांनी नाही.

घाटपायथा:
तुम्ही सगळे कागदावर भांडताय. कंटेनर ओढतं कोण?

आमच्या घरात दोन पिढ्या ट्रेलर आहेत. फॅक्टरीचा फोन सकाळी, "गाडी लावा, लगेच भरतो." भरतात रात्री. मग फॉरवर्डरचा फोन, "उद्या गेट बंद होतंय, काहीही करून पोचव." काहीही म्हणजे काय? २०२४ मध्ये नवा रस्ता होईपर्यंत मानपूर उतरून गणपती घाटात रात्री भरल्या गाडीचे ब्रेक तापवत जावं लागायचं. त्या उतारावर किती गाड्या जळाल्या ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझा चुलतभाऊ तिथूनच गेला. त्यानंतर काकूंनी दुसऱ्या मुलाला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, आणि आता विचारतात ड्रायव्हर का मिळत नाहीत.

बंदराच्या बाहेर रांगेत गाडी उभी राहिली, तर लाइनचा डिटेन्शन (कंटेनर जास्त दिवस ठेवल्याचा आकार) सगळे मुकाट भरतात. आमचं हॉल्टिंग (गाडी उभी ठेवल्याचे पैसे) मात्र निम्मं कापतात. ई-वे बिल (मालासोबतचा जीएसटीचा कागद) दोनशे किलोमीटरला एक दिवस चालतं. फॅक्टरीने गाडी थांबवली, बिलाची मुदत संपली, दंड कोणाच्या गळ्यात? गाडीवाल्याच्या. १ जुलै २०२४ पासून मध्य प्रदेशाने आरटीओचे नाके बंद केले हे चांगलंच झालं, त्याआधी सीमेवर काय चालायचं ते मी इथे लिहीत नाही. पण फॅक्टरीच्या फाटकात जो वेळ जातो त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

खरेदीविभाग_सेक्टर३:
आमच्या गेटवर ड्रायव्हरसाठी बसायची जागा आणि शौचालय दोन्ही आहे. सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

घाटपायथा:
तुमच्या गेटवर असेल. बाकीच्या सेक्टरांत फिरून बघा ताई.

मनमाडवाला_इंदूरकर:
या सगळ्यावर इलाज एकच, इंदूर-मनमाड रेल्वे. २ सप्टेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. आज तिहीहून रेक निघतो तो रतलामला वर चढतो, मग बडोदा, मग खाली वसई. पश्चिमेला जायचं म्हणून आधी उत्तरेला जायचं! मनमाडची लाइन झाली की धुळ्यावरून सरळ. घाटात गाड्या जळायच्या नाहीत, फॉरवर्डरची गरज निम्मी होईल आणि भाडं पडेल. माझे वडील या लाइनसाठी निवेदनं देत फिरले, धुळ्याला आमची अर्धी भावकी आहे. लग्नकार्याला आजही बसने हाडं खिळखिळी करून घेत जातो.

रेल्वे_पेन्शनर:
मालवाहतूक खात्यात नोकरी झाली, म्हणून बोलतो. मनमाडपर्यंत पोचलात, पुढे काय? इगतपुरी-कसारा. थळ घाटाचा चढ ३७ ला १. जाताना ब्रेकवर जीव मुठीत, येताना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावल्याशिवाय भरला रेक चढत नाही. तो मार्ग प्रवासी गाड्यांनी आधीच गच्च भरलाय, त्यात तुमचा कंटेनर शेवटी सुटणार. आणि एकावर एक दोन कंटेनर घालून तिथून नेता येत नाहीत.

आपलं भलं दाहोदच्या लाइनमध्ये आहे. इंदूर, पीथमपूर, धार, झाबुआ, दाहोद. तिथून बडोदा आणि पश्चिम मालवाहतूक मार्ग, दादरी ते न्हावा शेवा १,५०६ किलोमीटर. मुंद्रा आणि पिपावावला दुमजली कंटेनर गाड्या आजच धावतात. शिवाय डहाणूजवळ वाढवण बंदर येतंय, ७६,२२० कोटींचं, तेही याच बाजूला. दाहोद लाइनची पायाभरणी २००८ ला झाली, अजून ती पुरी नाही. राग यायचा तर याचा येऊ द्या.

मनमाडवाला_इंदूरकर:
काका, तुम्ही आयुष्यभर रतलाम मंडळात काढलंत म्हणून तुम्हाला गुजरातच दिसतं. खानदेश आणि निमाड नकाशावर नाहीत का? बडवानी आणि खरगोनच्या लोकांनी कापूस-मिरची काय डोक्यावर वाहायची? सेंधव्याला रेल्वेची शिट्टी ऐकलेला माणूस सापडणार नाही.

रेल्वे_पेन्शनर:
माझ्या नोकरीवर येऊ नका. मी चढाचा आकडा दिला, तो खोटा असेल तर सांगा. सेंधव्याला रेल्वे हवीच, माझा त्याला विरोध नाही. पण ती प्रवाशांसाठी आणि कापसासाठी. पीथमपूरच्या निर्यातीचं ओझं तिच्यावर टाकून लोकांना स्वप्नं दाखवू नका.

मनमाडवाला_इंदूरकर:
खोटा कोण म्हणालं? चढ आहे, ठीक. पण बडोद्याला कंटेनर उतरवून दुमजली गाडीवर चढवायचे, त्या हाताळणीचा खर्च आणि वेळ तुम्ही हिशोबात धरलाच नाहीत. आणि ज्याला न्हावा शेव्यालाच जहाज पकडायचंय त्याला मुंद्र्याचं काय कौतुक?

रेल्वे_पेन्शनर:
उतरवणं-चढवणं आहे, हे कबूल. पण एवढा माल एका जागी गोळा झाला की ते परवडतं. कमी मालाला परवडत नाही, तेवढा मुद्दा तुमचा.

तिही_गेट:
अहो, दोघंही थांबा. विषय फॉरवर्डरचा होता. दाहोद होवो की मनमाड, रेक भरायला वीस फुटी नव्वद कंटेनर लागतात. ते एका फॅक्टरीकडे कधी नसतात. वेगवेगळ्या दहा जणांचा माल गोळा करून रेक कोण पुरा करतं? आम्हीच. रेल्वे आली की आमचं काम वाढतं.

घाटपायथा:
आणि फॅक्टरीपासून तिहीपर्यंत ओढतं कोण ते परत राहिलंच. रेल्वेवाले, फॉरवर्डरवाले, शेवटच्या वीस-पंचवीस किलोमीटरचं भाडं कोणी बोलत नाही.

रेट_दाखवा:
रेक गोळा करायला माणूस लागतो, हे मानतो. दहा जणांना एकत्र आणायचं काम साइट करत नाही. पण त्या कामाचा दर वेगळा लिहा. समुद्राचं भाडं लाइनच्या दराने, वर तुमची फी एका ओळीत. मी ती घासाघीस न करता देईन. लपवलेली मात्र एक पैसाही नाही.

तिही_गेट:
माझ्या बिलात असंच असतं. लाइनचं मूळ इन्व्हॉइस जोडलेलं, फी वेगळी. पण खरं सांगू? अशा बिलाने गिऱ्हाइकं जातात. पलीकडचा भाड्यात दहा डॉलर कमी दाखवतो आणि खाली पन्नास लावतो, तरी ऑर्डर त्यालाच मिळते, कारण तुमचा खरेदीवाला फक्त पहिली ओळ वाचतो. सगळे मिळून संपूर्ण बिलाची बेरीज मागायला लागा, मग बाजार सुधारेल.

खरेदीविभाग_सेक्टर३:
पहिली ओळ वाचतो हा टोला आम्हालाच, कळलं. वरून कंपनीचं फर्मान असतं, "सगळ्यात कमी भाडं." पुढच्या कोटेशनला मी दरवाजा ते दरवाजा पूर्ण आकडा मागणार आहे, डीओचे चार्ज धरून. चीनकडून एफओबी मिळतं का ते पुरवठादाराला आजच विचारते. घाटपायथा, हॉल्टिंग कधीपासून मोजायचं ते कॉन्ट्रॅक्टमध्ये काय शब्दांत लिहायचं, तेवढं इथे टाका.

घाटपायथा:
"गाडी गेटवर लागल्याची वेळ वॉचमनच्या रजिस्टरात, ड्रायव्हरच्या सहीने. पुढचे सहा तास मोफत, त्यानंतर दर तासाला ठरलेला दर. या उभ्या वेळात ई-वे बिलाची मुदत संपली तर वाढवून देणं फॅक्टरीचं काम, आणि दंड लागला तर तोही फॅक्टरीचा." शेवटची ओळ कापायला लावतील. कापू देऊ नका.

मनमाडवाला_इंदूरकर:
काका, तुमचा वाढवणचा मुद्दा मी वेगळा धागा काढून खोडतो. उद्या.

रेल्वे_पेन्शनर:
जरूर काढा. थळ घाटाचा उतारा घेऊन या.