खडकाळ बेटांवरचे तुमचे अनुभव लिहा

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावरून समोर दोन बेटं दिसतात. अलीकडची उंदेरी, पलीकडची खांदेरी. खांदेरीचा किल्ला २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात आला, तेव्हापासून चौकशा वाढल्यात. म्हणून हा धागा. अशा बेटांवर जाऊन आलेल्यांनी लिहा. इतिहास थोडक्यात चालेल. उतरलात कसे, खडपात काय दिसलं, ते मात्र सविस्तर येऊ द्या.

पुण्याहून:
खांदेरीला दोन टेकाडांच्या मधे धक्का आहे, उतरायला त्रास नाही. बरोबरची मंडळी गाड्यावरच्या तोफा बघायला गेली, मी तटाबाहेरच्या खडपात रमले. ओहोटी होती. एका खळग्यात जेमतेम वीतभर पाणी, त्यात शंख पाठीवर घेतलेला खेकडा कडेकडेने चाललेला. पाणी जरा हललं की शंख तिथेच आडवा, पाय आत. थोडा वेळ गेला की आधी एक नांगी बाहेर, मग डोळे, मग स्वारी पुढे!

तटाखालच्या दगडांवर कालवं आहेत. कालव काढून नेलं तरी खालची शिंप खडकालाच राहते आणि तिची कड सुरीसारखी लागते. शत्रूला होड्या लावता येऊ नयेत म्हणून हे दगड मुद्दाम टाकले, असं सांगतात. १६७९ साली इंग्रज आणि सिद्दी दोघांना तोंड देत शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींच्या माणसांनी इथे बांधकाम केलं. त्या खडपात चार पावलं टाकताना त्यांच्याबद्दलचा आदर फार वाढला.

थळहून:
ताई, छान लिहिलंत. उंदेरीला धक्का नाही, भरतीचं पाणी बघूनच होडी लावावी लागते. भरतीची वेळ तिथीवरून काढा. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. म्हणजे अष्टमीला ओहोटी भर दुपारी, पण तेव्हा भांग असतो, पाणी फार मागे जात नाही. पुनवेला-अवसेला उधाण. खडप लांबवर उघडं पडतं आणि पाणी परत येतं तेही जोरात. पाठ समुद्राकडे करून उभं राहू नका.

उडुपीहून:
आमच्याकडे मालपेसमोर सेंट मेरी बेटं आहेत. किनाऱ्यावर षटकोनी दगडी खांब, एकाला एक खेटून उभे. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. हा त्याहून जुना, सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मादागास्कर भारतापासून सुटलं त्या काळातला लाव्हा. थंड होताना आकसला आणि भेगा पडून खांब झाले. भूगर्भशास्त्राची आवड असेल तर जन्मात एकदा याच. पावसाळ्यात बोटी बंद. पाण्यात उतरायचं तर जीवरक्षक दाखवतील तिथेच, बाकी ठिकाणी पायाखाली खडक आहेत.

ठाण्याहून:
सहा वर्षांची मुलगी बरोबर आहे. उंदेरी जमेल का?

थळहून:
नको. लेकीला खांदेरीलाच न्या. मागे पट्टा असलेले, जाड तळाचे बूट घाला, साध्या चपला शेवाळावर सरकतात. आमच्या वेताळदेवाचं दर्शन घ्या. बेटावर एक दगड आहे, छोट्या दगडाने वाजवला की धातूचा नाद येतो. पोरं तिथून हलत नाहीत, तेव्हा परतीच्या होडीची वेळ तांडेलाला आधीच विचारून ठेवा.