भाजी आपण विकत आणली, मग देवाचे आभार कशाला?

ऐरोलीची सून:
सर्वांना सलाम. माहेर नेवाशाकडचं, आता बारा वर्षं ऐरोलीत. रात्री जेवणाआधी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन आणि छोटी प्रार्थना, हा सासूबाईंचा नेम. परवा नऊ वर्षांच्या मुलानं ताटावरच विचारलं, "मम्मी, गवार तू मंडईतून आणलीस, पैसे पप्पांचे. मग रोज देवाचे आभार का?" उद्धटपणा नव्हता, खरंच विचारत होता. सासूबाई म्हणाल्या, "देवानं दिलं म्हणून." तो गप्प बसला, पण त्याला ते पटलं नव्हतं.

मला लहानपणी हा प्रश्नच पडला नाही. सुगीच्या सणाला अण्णा बाजरीची पहिली कणसं उपरण्यात बांधून चर्चमध्ये न्यायचे. वेदीपुढे भोपळे, शेंगा, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की लिलाव. एका वर्षी अण्णांनी आमचाच भोपळा चढी बोली लावून परत घरी आणला. कणसं हाताला खरखरीत लागायची, आणि जूनमध्ये बांधावर आभाळाकडे बघत बसलेले अण्णाही मी पाहिलेले असायचे. इथे पाचव्या मजल्यावर पोराला काय दाखवू? तुम्ही घरी कसं करता?

तलावपाळीचा आजोबा:
बाय, आम्ही ठाण्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे कॅथलिक, संत जॉन बाप्टिस्ट चर्चचे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमचा आगेरा, म्हणजे आमचा सुगीचा सण. नव्या भाताच्या लोंब्यांना फादर आशीर्वाद देतात. माझ्या बापाच्या शेतात आता इमारत उभी आहे, लोंबी बाहेरून आणावी लागते. तरी आणतो. नातीला एक दाणा नखानं सोलायला लावतो. तूस सहज निघत नाही, ती चिडते. मग विचारतो, ताटात असे किती असतील गं? मोजले तिनं कधीच नाहीत, पण भात टाकायची बंद झाली.

खाडीकाठचा:
मुलाचा हिशोब चुकलेला नाही, मंडईपाशी थांबलाय इतकंच. त्याला नळापासून मागे न्या. नवी मुंबईचं पाणी मोरबे धरणाचं, तिकडे खालापूर तालुक्यात. पाण्याचं बिल आपण भरतो, पावसाचं कुणी भरलं? जुलै-ऑगस्टमध्ये धरण किती भरलं ही बातमी आमच्या मुली मोठ्यानं वाचतात आणि त्या रात्रीच्या प्रार्थनेत तेच येतं. थंडीत खाडीवर रोहित पक्षी उतरले की ते. शहरातही ऋतू आहेत, बघायला मान वर करावी लागते.

घणसोलीची नर्स:
ताई, एक सांगू? दोन वर्षांपूर्वी ह्यांची नोकरी गेली, पाच महिने घरी होते. 'आभार' म्हणताना माझा आवाज फुटत नव्हता. पाळकसाहेबांनी बायबलमधलं १ थेस्सलनीकाकर ५:१८ काढून दिलं, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." म्हणाले, नीट वाचा, 'स्थितीत' लिहिलंय, 'स्थितीबद्दल' नाही. नोकरी गेली म्हणून कोण आभार मानेल? त्या रात्री मी एवढंच म्हटलं, प्रभू, शेजारच्या काकूंनी कालवणाचा डबा दिला. तेवढं मात्र मनापासून म्हणता आलं. मुलाला भरल्या ताटाचेच आभार शिकवू नका, कधी ताट अर्धं असेल.

ऐरोलीची सून:
सगळ्यांचे उपकार. काल अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. यंदा परतीच्या पावसात बाजरी भिजली, कणसं काळी पडली. मुलानं विचारलं, "मग सणाला काय नेलं?" अण्णा म्हणाले, "तीच नेली." "काळी?" "हो, काळीच. दुसरी होती कुठं बाळा?" फोन ठेवल्यावरही तो तिथेच बसून होता.

रात्री भजन झालं आणि प्रार्थना त्यानं मागून घेतली. मोरबे आलं, गवारवाली मावशी आली, आणि शेवटी अण्णांची काळी बाजरी. सासूबाईंचं आमेन जरा उशिरा आलं.